४५ हजारांत कॅमेरा घ्यायचाय? आधी लेन्सचं बोलू, आणि पावसाचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही डिचोलीच्या, शाळेत शिकवता, पाचसहा वर्षं फोनवरच फोटो काढताय, आता खरा कॅमेरा घ्यायचाय आणि बजेट ४५ हजार. काढायचं काय, तर चवथीची (गणेशचतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट, आणि त्या दिवसांत घरी जमणारी माणसं, शिगमो (आपला होळीच्या सुमाराचा उत्सव), आणि मागच्या परसातले पक्षी. दुकानदार म्हणतो नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या, भावोजी म्हणतात दोन लेन्सवालं किट घ्या, आणि तुम्ही विचारताय कुणाचं ऐकू. मी फोंड्याला असतो, लग्नं, मुंजी, जत्रा असं काम बावीस वर्षं करतोय आणि हौस त्याच्याही आधीपासूनची, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो.

आधी तुमची यादीच परत बघा. माटोळी म्हणजे घरातला गणपतीसमोरचा उजेड, एखादी ट्यूबलाइट, समई, फार तर लायटिंगच्या माळा. शिगम्याची मिरवणूक म्हणजे रात्रीचा रस्ता, त्यात रोमटामेळातली, म्हणजे ढोलताशांवर नाचत जाणाऱ्या मेळातली, मुलं उड्या मारतायत. परसातले पक्षी म्हणजे आंब्या-फणसाच्या सावलीत. तिन्ही ठिकाणी उजेड कमी आहे आणि दोन ठिकाणी समोरचं हलतंय. गोव्यात हौसेने फोटो काढणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, आपण दुपारी बारा वाजता किनाऱ्यावर फोटो काढायला जात नाही, ते पर्यटक करतात. म्हणून तुमचा प्रश्न खरं तर कॅमेऱ्याचा नाहीच आहे, कमी उजेडात किती प्रकाश आत घेता येईल ह्याचा आहे, आणि ते काम लेन्स करते. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दहा वर्षं जुनी असली तरी चालेल, लेन्स आंधळी असली तर नव्या बॉडीचाही उपयोग नाही.

आता आकड्यांत सांगतो म्हणजे पटेल. कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ एमएमची किट लेन्स येते तिच्यावर एफ ३.५ ते ५.६ असं लिहिलेलं असतं. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. घरात माणसांसाठी आपण साधारण ३५ एमएमवर असतो, तिथे ती लेन्स जास्तीत जास्त एफ ५ च्या आसपास उघडते. ३५ एमएमची एफ १.८ वाली साधी लेन्स लावली तर तिच्यातून जवळजवळ आठपट प्रकाश आत येतो. आठपट म्हणजे काय? रात्री ट्यूबलाइटच्या बऱ्यापैकी उजेडाच्या खोलीत आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १६०० ठेवला तर किट लेन्सला शटर १/२० सेकंद मिळेल, म्हणजे आरती म्हणताना टाळ वाजवणाऱ्याचे हात पुसट, लहान मुलाचा चेहरा पुसट. तेवढ्याच उजेडात, तेवढ्याच आयएसओला एफ १.८ वर १/१६० मिळतं आणि माणसं स्थिर येतात. कॅमेरा तोच, फरक सगळा काचेचा.

लेन्समध्ये व्हीआर किंवा आयएस असतं ना, मग एवढं कशाला, असं बरेच जण म्हणतात. ते फक्त तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं. समोरचं माणूस हललं तर त्याला ते काही करू शकत नाही. देवळाच्या दीपस्तंभाचा फोटो व्हीआरने हातात धरून छान येईल, फुगडीचा येणार नाही.

फोनचंही तेच आहे. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) धरला तरी एपीएस-सी, म्हणजे आपण बोलतोय त्या वर्गातल्या, कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या पाचएक पट निघतो, आणि फोन ही कसर भरून काढायला एकामागून एक बरेच फोटो घेऊन ते एकत्र करतो, म्हणून रात्रीचं स्थिर देऊळ फोनवर सुरेख येतं आणि नाचणारी माणसं लोण्यासारखी वितळतात. तुम्ही हे स्वतः शिगम्यात बघितलंच असेल. पण फोन टाकून देऊ नका, रुंद दृश्याला तो पुष्कळ चांगला आहे, आणि लेन्स निवडायला तर तुमच्या फोनचाच उपयोग करून घ्यायचाय, ते आता सांगतो.

फोनच्या साध्या १एक्सची दृष्टी फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबाने साधारण २५-२६ एमएमची असते. निकॉनच्या एपीएस-सी बॉडीवर ३५ एमएमची लेन्स लावली की दीडने गुणायचं, म्हणजे ५२, म्हणजे फोनचं २एक्स. ५० एमएम लावली तर ७५, म्हणजे जवळजवळ ३एक्स. कॅननला गुणक १.६ आहे तर तिथे ५० एमएम म्हणजे ८०. आता काही विकत न घेता आठवडाभर एवढंच करा, घरात फोटो काढताना फोन २एक्सवर ठेवा आणि अजिबात हलवू नका, मग दोन दिवस ३एक्सवर ठेवा. माटोळीची चौकट पूर्ण मावते का, सोप्यावर बसलेली चार माणसं मावतात का, मागे सरकायला जागा आहे का, की पाठ भिंतीला लागते. आपल्या जुन्या घरांत वसरी लांब पण खोल्या लहान, बहुतेकांची पाठ ३एक्सला भिंतीला लागते. म्हणून सगळे जण डोळे मिटून ५० एमएम घ्या म्हणतात ना, ते मला तुमच्यासाठी बरोबर वाटत नाही. ५० एमएम स्वस्त आहे, एकट्या माणसाच्या चेहऱ्याला सुंदर आहे, माझ्याकडे पण आहे. पण छोट्या सेन्सरवर ती घरात अडकते.

म्हणून तुम्हाला माझं सरळ उत्तर: वापरलेला निकॉन डी५३०० किंवा डी५६०० (दोन्ही डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे), त्याच्याबरोबर आलेली १८-५५ असू द्या, आणि वेगळी निकॉन एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८जी. टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लगेच नको, सहा महिन्यांनी.

डी५३०० का, तर २०१३ चा कॅमेरा असला तरी २४ मेगापिक्सेल, स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते (माटोळी वर टांगलेली असते, जमिनीवर न झोपता खालून फोटो काढायला ही स्क्रीन फार उपयोगी), ३९ फोकस पॉइंट, आणि बॅटरी एका चार्जवर सहाशेच्या आसपास फोटो देते, चवथीच्या दिवसाला पुरते. डी५६०० त्याचाच धाकटा भाऊ, टचस्क्रीन आहे, चांगल्या स्थितीत मिळाला तर घ्या पण फक्त त्यासाठी सातआठ हजार जास्त देऊ नका. मेगापिक्सेलची काळजी सोडाच. ए३ आकाराचा उत्तम प्रिंट काढायला साडेसतरा मेगापिक्सेल लागतात, ए४ ला नऊसुद्धा लागत नाहीत, आणि फोर के टीव्हीचा पडदा भरायला आठ-साडेआठ पुष्कळ झाले.

खर्चाचं साधारण असं बसतं. चांगल्या हातातला डी५३०० किट लेन्ससकट वीस ते पंचवीस हजार, ३५ एमएम वापरलेली आठ-नऊ हजार, आणि तीन हजार डबा, सिलिका जेल, मेमरी कार्ड, ब्लोअर ह्यांचे. उरलेले आठ ते चौदा हजार बाजूला ठेवा, त्यात थोडी भर पडली की टेलिफोटो येईल.

कॅनन नकोच का? तसं नाही. तुम्हाला शाळेतले कार्यक्रम व्हिडिओत घ्यायचे असतील, किंवा फोनच्या सवयीने स्क्रीनकडे बघूनच फोटो काढणार असाल, तर २०१७ चा कॅनन २००डी बघा. त्यात स्क्रीनवरून फोकस करताना जो वेग आहे तो त्या काळच्या निकॉन डीएसएलआरमध्ये नाही, निकॉनला डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा लागतो. पण एक गोष्ट, कॅनन १५००डी आणि २००डी शेजारी ठेवलेले दिसतात आणि दोघांवर २४ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, तरी १५००डी मध्ये तो स्क्रीनवरचा जलद फोकस नाही, स्क्रीनपण फिरत नाही. आणि ३०००डी घेऊच नका, त्याचा लेन्स बसवायचा माउंटसुद्धा प्लास्टिकचा आहे. कॅननमध्ये अडचण एवढीच की ३५ एमएम एफ १.८ सारखी स्वस्त, उजळ, घरात चालणारी लेन्स त्यांच्या डीएसएलआरला नाही, जवळची म्हणजे २४ एमएम एफ २.८, ती खिशात मावते, १२५ ग्रॅमची आहे, मला आवडतेही, पण १.८ आणि २.८ मध्ये जवळजवळ अडीचपट प्रकाशाचा फरक पडतो, तो रात्री जाणवतो.

आता दुकानदाराच्या मिररलेसचं. तो खोटं सांगत नाहीये. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही, पुढचा काळ मिररलेसचाच आहे, डोळ्यावर फोकस पकडतात ते तर खरंच सुरेख काम करतात. पण तुमच्या बजेटमध्ये नवा मिररलेस म्हणजे कॅनन आर१०० च्या आसपासचं काहीतरी, आणि त्याच्यासोबतची १८-४५ लेन्स एफ ४.५ ते ६.३ ची. म्हणजे जुन्या किटहूनही अंधारी. सगळे पैसे त्या एका खोक्यात जाणार आणि चवथीच्या रात्री तुम्ही परत फोनच बाहेर काढणार. आर१०० ला टचस्क्रीनही नाही. बजेट ७५-८० हजार असतं तर मी स्वतः तुम्हाला आर५० किंवा निकॉन झेड५० आणि वर सिग्माची ३० एमएम एफ १.४ असं काहीतरी सुचवलं असतं, त्या सिग्माने मी बरीच कामं केलीत. ४५ मध्ये नाही जमत. आणि व्लॉग करणाऱ्या मुलांनी विकायला काढलेले कॅनन एम५० बाजारात खूप दिसतील, किंमत बघून हात शिवशिवतो, पण ती एम माउंटची लाइनच कंपनीने बंद केलीय, तिच्या नव्या लेन्स येणार नाहीत. डीएसएलआरचंही नवीन येणार नाही हे खरं, पण निकॉन आणि कॅननच्या जुन्या लेन्सचा साठा इतका प्रचंड आहे की पुढची दहा वर्षं तुम्हाला वापरलेल्यात हवं ते मिळेल, एमचं तसं नाही.

भावोजींचं दोन लेन्सचं किट. ह्यात जपून. दुसरी लेन्स सहसा ७०-३०० असते आणि तिच्यावर व्हीआर ही दोन अक्षरं आहेत की नाहीत ते स्वतः डोळ्यांनी वाचा, कारण तीच लेन्स व्हीआरशिवायही निघाली होती आणि बाहेरून सारखीच दिसते. माझ्या एका नातलगाला एका दुकानात बिनव्हीआरची दिली होती, त्याला महिनाभर वाटत होतं आपलाच हात खराब आहे. ३०० एमएमला हातात धरून व्हीआर नसेल तर निदान १/५०० शटर ठेवावं लागतं, आणि झाडाच्या सावलीत तेवढा उजेड आणायचा कुठून.

निकॉनच्या जुन्या मालाचा आणखी एक घोळ आहे, तो न कळल्यामुळे लोकांचे पैसे अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. डी३००० आणि डी५००० ह्या मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर बॉडीत नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणजे लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं पाहिजे. नुसतं एएफ आणि शेवटी डी, उदाहरणार्थ ५० एमएम एफ १.८डी, ती स्वस्तात दिसते, लागते पण छान, फक्त फोकस हाताने करावा लागतो. उलट बाजूने, एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१००, डी७००० ह्यांच्यावर फोकसच करत नाहीत, अजिबात. डी५३०० वर चालतात पण कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलेलं असायला हवं. तेव्हा कुणी आठ हजारांत डी५१०० देतो म्हणाला तर घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण पुढे ७०-३०० एएफ-पी घ्यायचं तुमच्या डोक्यात असेल तर तो दरवाजा तिथेच बंद होतो.

पक्ष्यांचं आता. सहा महिन्यांनी टेलिफोटो घ्या म्हटलं त्याला कारण आहे. ३०० एमएम म्हणजे दीडने गुणून ४५०, तुमच्या फोनचं सतराएक पट. फार मोठं वाटतं. पण हिशेब करा, दहा मीटरवर ३०० एमएमच्या फोटोची रुंदी पाऊण मीटरहून थोडी जास्त भरते. शिंजीर दहा सेंटिमीटरचा पक्षी, म्हणजे फोटोच्या रुंदीचा आठवा हिस्सा. फोनवर बघायला पुरे, भिंतीवर लावायला अपुरा. लेन्स कितीही मोठी आणा, जवळ जाणं हीच खरी गोष्ट आहे, आणि परसात तुमच्याइतकं जवळ कोणीच जाऊ शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सावलीत पाण्याचं उथळ मडकं ठेवा, त्यापासून चार-पाच मीटरवर खिडकी असेल अशा जागी, आणि पडद्याआडून बसा. पाच मीटरवर तोच शिंजीर चौथा हिस्सा भरेल. हे सहा महिने करून बघा, पक्षी कधी येतात, उन्हाचा कवडसा कुठून पडतो हे समजेल, मग लेन्स घेतलीत तर ती पहिल्या दिवसापासून कामाला लागेल. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, फांदी बाजूला करून तर अजिबात नाही, ती फांदी कावळ्यापासून पिल्लांना लपवत असते.

पुढे बाहेर जायची हौस वाढली तर करमळीचं तळं सकाळच्या वेळी, हिवाळ्यात, आणि रायबंदरहून फेरीने चोडण, तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीत खंड्या फांदीवर बसलेला असतो आणि ३०० मध्ये बऱ्यापैकी मावतो. बोंडला, मोले इथे झाडी दाट, तिथे ह्या लेन्सची परीक्षा होते, एफ ६.३ ला आयएसओ ३२०० च्या खाली क्वचितच येता येतं, फोटो दाणेदार येणार हे मनाशी धरूनच जा. कुणी तुम्हाला ८३ पट झूमचे ते मोठे ब्रिज कॅमेरे सुचवेल, निकॉन पी९०० वगैरे. उघड्या उन्हातल्या पाणथळीवर पक्षी ओळखायला ते खरोखर कामाचे आहेत, पण सेन्सर जुन्या साध्या फोनएवढा, झाडाखाली आणि घरात काही खरं नाही. तुमच्या तीनपैकी दोन कामं ते करणारच नाहीत.

शिगम्यासाठी ३५ एमएम पुरे. आयएसओ ३२००, एफ २, शटर १/२५०, एवढं पाठ करून ठेवा, दिव्यांच्या रस्त्यावर इथून सुरुवात करायची आणि मग थोडं इकडेतिकडे. चित्ररथापेक्षा आधी येणाऱ्या रोमटामेळाकडे लक्ष द्या, आणि मिरवणूक सुरू व्हायच्या आधी जिथे मुलं रंग लावून तयार होत असतात तिथे जा, उजेड असतो, माणसं मोकळी असतात, विचारून फोटो काढता येतात. तुमच्या डिचोली-सत्तरी भागात घोडेमोडणी (कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून केलेला नाच) असते, ती बघायला आम्ही फोंड्याहून येतो, तुमच्या तर दारात आहे. ३५ घेऊन माणसांच्या जवळ जावं लागतं आणि फोटोत तो ढोल ऐकू आल्यासारखा वाटतो, लांबून झूमने काढलेल्यात तसं होत नाही.

एफ १.८ हाती आलं की एक चूक सगळे करतात, मी पण केली होती, सगळं १.८ वरच काढायचं. दोन मीटरवर ३५ एमएम एफ १.८ ला जेमतेम पाव मीटर खोलीत सगळं स्पष्ट येतं. पुढच्या रांगेतली आजी स्पष्ट आणि मागच्या रांगेतला मामा पुसट. घरच्यांचा एकत्र फोटो असेल तर एफ ४ किंवा ५.६ करा आणि दिवसा काढा, आंगणात, सावलीत. माटोळीलाही तसंच, जवळून एखादं तोरिंगण (पपनस), सुपारीचा घोस, आंबाड्यांचा झुबका काढायचा असेल तर १.८ ते २.५ छान, पण पूर्ण माटोळी काढायची तर कॅमेरा स्टुलावर नीट टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, एफ ८, आयएसओ २००. फळं काही हलत नाहीत. फ्लॅश समोरून मारू नका, समईचा सगळा रंग जातो. आणि ट्यूबलाइट बंद करून नुसत्या समया आणि दारातून येणारा संध्याकाळचा उजेड, असं एकदा करून बघा, घरच्यांना दहा मिनिटं थांबायला सांगा.

आता पाऊस, आणि हा भाग कृपा करून टाळू नका, बहुतेक लोक कॅमेऱ्याबद्दल महिनाभर चौकशी करतात आणि ठेवायचा कुठे ह्याचा विचारच करत नाहीत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरीकडे त्याहून जास्त, चार महिने घरातली हवा ओली. चामड्याच्या चपलेवर जी बुरशी धरते तीच लेन्सच्या आत काचेवर धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. माझी चांगली ८५ एमएम अशी गेली, जून ते सप्टेंबर कपाटात बॅगेतच राहिली, वरून कापडी बॅग छान जाड होती, मला वाटलं सुरक्षित आहे. ती बॅगच ओल धरून ठेवते. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केली पण बुरशीने काचेवरचं कोटिंगच खाल्लं होतं, उजेडासमोर धरली की फोटो धुरकट येतो तो आजपर्यंत.

उपाय महाग नाही. रबरी कडा असलेला हवाबंद मोठा डबा, आपण पापड-कुरड्या ठेवतो तसा, त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि दोनतीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६० च्या वर सारखा राहायला लागला तर जेल बदलायचं, रंग बदलतो त्यावरून कळतं, निळं असेल तर गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं. नारिंगीच घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर ते नको. तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये हळूहळू तापवलं की ओल निघून जाते, परत वापरता येतं, वर्षानुवर्षं चालतं. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो नको, ओल फारशी शोषत नाही आणि त्याची पूड सगळीकडे शिरते. पुढे सामान वाढलं तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, पण एक बॉडी तीन लेन्सना डबा पुष्कळ. आणि पावसाळाभर कॅमेरा नुसता डब्यात ठेवू नका, आठवड्याला काढा, फोटो काढा, परत ठेवा.

एसी गाडीतून एकदम बाहेर काढला तर लेन्सवर दव धरतं, पुसलं तरी परत धरतं. बॅग बंदच ठेवून पंधरावीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा. भर पावसात काढायचे असतील, आणि काढाच, आपला पाऊस सोडून कसं चालेल, तर लेन्सला हूड लावा, वरून साधी पारदर्शक पिशवी, रबरबँडने हूडला बांधा, मागून हात घाला. ह्या वर्गातल्या कुठल्याच बॉडीला पाण्यापासून संरक्षण नसतं. माशेलच्या चिखलकाल्याला (चिखलात खेळायच्या उत्सवाला) वगैरे जाल तर ओसरीवर उभं राहून लांबून काढा. समुद्रावरून आलात तर कापड साध्या पाण्यात पिळून बॉडीवरून फिरवा, मग कोरड्याने, मिठाचा थर राहिला की बटणं अडकायला लागतात. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका.

वापरलेला घेताना काय बघायचं, तर सोबत एक छोटा टॉर्च न्या. लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, धागे, ढगाळपणा दिसला तर कितीही स्वस्त असो, उठा. दोन-चार धुळीचे कण असतात, त्याने काही होत नाही. कॅमेऱ्यावर एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा, त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते पण किंमत कमी करून मागा. निकॉनच्या फोटोतच आतापर्यंत शटर किती वेळा उडालं तो आकडा असतो, तिथेच एक फोटो काढून फोनवर घ्या आणि वाचा. ह्या वर्गाचं शटर लाखभराच्या हिशेबाने बनवलेलं असतं, तीस हजाराच्या आत असेल तर उत्तम, लग्नाच्या कामातला ऐंशी हजारवाला नको. कॅननमध्ये आकडा इतक्या सहज वाचता येत नाही. नंतर ३५ एमएम लावून एफ १.८ वर तिथल्याच कॅलेंडरच्या तारखेवर फोकस करून चारपाच फोटो काढा, मोठे करून बघा, तारीखच स्पष्ट यायला हवी, भिंत किंवा पुढचं टेबल नाही. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर मूळचा आहे ना, बिल आहे का. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवू नका, हातात घेऊन बघितल्याशिवाय तर मुळीच नाही.

आणि शक्यतो मे महिन्याच्या आत घ्या. पावसाळ्यानंतर बाजारात येणाऱ्या जुन्या लेन्स बऱ्याचदा चार महिने कपाटात पडून आलेल्या असतात. मे मध्ये घेतलात तर जून-जुलै सराव होईल, परसातच, पानांवरचं पाणी, कौलांवरून पडणाऱ्या धारा, आणि चवथीला माटोळी बांधायला वर स्टुलावर चढलेला माणूस दिसला की कॅमेरा हातात असेल, कारण टांगून झालेल्या माटोळीपेक्षा बांधतानाचे फोटो मला तरी जास्त आवडतात.